वेल तिकडे वाळली, इकडे फुटली

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, कुंपणाशी. त्या पलीकडच्या भिंतीकडे नको बाई. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तर चांगला बोटभर तडाच आहे.

मास्तरीणबाईंच्या कृष्णकमळाचं कळलं ना? नाव नाही घेत हं मी कुणाचं. पण आपल्या लाइनीत मास्तरीणबाई एकच, आणि कृष्णकमळही एकच होतं. होतं म्हणते, कारण आता... थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मीच काहीतरी केलं.

तर ती वेल आली परतवाड्याहून. त्यांच्या बहिणीकडे गच्चीपर्यंत गेलीये म्हणे, दोन मजले. ती शकुंतला आगगाडी चालू असती, तर अचलपूरहून इथवर पाऊणशे किलोमीटर येता येता त्या फांदीला वाटेतच मुळं फुटली असती! पण आता कुठली शकुंतला. एसटीनं आली, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर. कंडक्टर म्हणाला म्हणे, "बाई, तुमचं तिकीट अर्धं झालं, लेकराचं काय करू?" हे त्यांनीच सांगितलं, भिशीत, चार वेळा. आषाढ होता तो, गेल्या वर्षीचा.

आणि लावली कुठे? आमच्या भिंतीला चिकटून. भिंत कुणाची हा वाद तुम्हाला ठाऊकच आहे. आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात भिंती टिकतात होय? तो तडा कुणी बुजवायचा यावर आठ वर्षं आमच्या ह्यांचं नि मास्तरांचं "बघू, बघू" चाललंय. त्या तड्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण क्रमानं.

पाऊस होता तोवर वेल सुसाट. रोज वीतभर. लोहाराकडून कमान करून आणली, पांढरा रंग दिला. सकाळी ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या जागी पानाचा फोटो. तीन बोटांचं पान, शेजारी स्प्रिंगसारखा गुंडाळलेला ताणा. दिसायला गोड, खोटं कशाला बोलू. आणि श्रावणात पहिलं फूल आलं, तर सगळ्यांना चहाला बोलावलं. तुम्ही तेव्हा अमरावतीला होतात वाटतं, लेकीच्या बाळंतपणाला. एक तमाशा चुकला तुमचा.

म्हणजे बघा, मास्तरीणबाई फुलासमोर उभ्या, हातात मुलांना शिकवायची ती पट्टी. "ह्या जांभळ्या झालरीतले धागे शंभर, ते कौरव. वरचे पाच पुंकेसर, पांडव. त्याच्यावर तीन, ब्रह्मा, विष्णू, महेश." आम्ही हात जोडले. पोस्टातल्या वहिनी मात्र... अहो, त्यांचं सगळं आयुष्य नोटा मोजण्यात गेलं, त्यांना शंभर म्हटलं की हात शिवशिवतात. केसातला आकडा काढला आणि लागल्या मोजायला. चहा निवला. फूल एका दिवसाचं, उद्या मिटणार, त्यामुळे पुन्हा मोजू म्हणायचीही सोय नाही. आणि आकडा आला चौऱ्याऐंशी.

"सोळा कमी भरतात," वहिनी म्हणाल्या. अगदी काउंटरवर म्हणतात तशा.

मास्तरीणबाईंचा चेहरा, काय सांगू, तव्यावर पुरण बाहेर आलेल्या पोळीसारखा झाला. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "पळाले असतील रणातून." मी हसले नाही. मी फक्त पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात ती आपली कॉलेजवाली मोबाईल बघून म्हणते कशी, "काकू, हे फूल मुळात आपलं नाहीच. दक्षिण अमेरिकेतलं. स्पॅनिश पाद्र्यांनी पाहिलं तेव्हा त्यांना त्यात येशू ख्रिस्त दिसला. वरचे तीन म्हणजे क्रुसाचे खिळे, पाच म्हणजे जखमा, आणि ही झालर म्हणजे काट्यांचा मुकुट." झालं! सगळ्या चिडीचूप. कपबशीचा आवाजसुद्धा नाही.

इथे मात्र मी मास्तरीणबाईंच्या बाजूनं बोलले, हे त्यांनी लक्षात ठेवायला हवं होतं. म्हटलं, मिरची तिकडचीच, बटाटा तिकडचाच, पेरू तिकडचा. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचाच. मोडली का कुणाची एकादशी? ज्यानं त्यानं आपला देव बघावा त्या फुलात. तेव्हा कुठे त्यांच्या गालावर जरा रंग आला, आणि चिवड्याची दुसरी बशी बाहेर आली.

तर काय सांगत होते... हां, अळ्या. भाद्रपदात वेलीवर अळ्या पडल्या, तांबूस, अंगभर काटे. ती नारिंगी फुलपाखरं असतात ना, काळ्या ठिपक्यांची, संथ उडतात, पकडू म्हटलं तर हातात येतील अशी? त्यांच्या अळ्यांना हीच पानं लागतात. पानांत विष असतं, अळ्यांना ते बाधत नाही, उलट तेच अंगात साठवतात, म्हणून पाखरं त्यांना तोंड लावत नाहीत. हे मला कृषी विद्यापीठातून रिटायर झालेल्या भाऊजींनी सांगितलं. हातानं वेचून टाकल्या असत्या तर भागलं असतं. पण मास्तर उठले आणि शेतातलं कपाशीचं औषध, तळाला उरलेलं, पंपात भरून फवारलं. अंगणात! नाक बांधलं नाही, हातमोजे नाहीत. अहो, यवतमाळचं २०१७ सालचं विसरलात का? फवारणीनं माणसं गेली तिथे. मी माझे पापड उचलले, खिडक्या लावल्या आणि या एका गोष्टीसाठी मात्र तोंडावर बोलले त्यांना. तेव्हापासून आमच्यात जरा... म्हणजे वाटीची देवाणघेवाण चालू, बोलणं मोजकं.

त्या औषधानं अळ्या गेल्या, तसे ते मोठे काळे भुंगेही गेले. फुलावर बसून पाठीवर परागाची पिवळी पावडर घेऊन जायचे बघा. आठवडाभर एक फिरकला नाही.

पण वेल मेली ती त्यानं नाही हं. ते पुढेच.

थंडीत जरा पानं झडली, तेवढं चालतं. खरी मजा उन्हाळ्यात. चैत्र संपला, पारा ४५ च्या पुढे, आणि मास्तरीणबाईंना कळवळा आला. "नाजूक जीव आहे, पाणी पाहिजे." आणि पाणी कुठलं? तुम्हाला माहीतच आहे ती बाई थेंब वाया घालवत नाही. चांगली गोष्ट आहे, मी नाव ठेवत नाही. आरओच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघतं ते बादलीत धरायचं आणि वेलीला. संध्याकाळी कूलरच्या टाकीच्या तळाचं उपसायचं, "गार असतं ना," म्हणून तेही वेलीलाच. भिशीत त्यावर भाषणसुद्धा दिलं, जलसंधारण म्हणून. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आता काय करता.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी. मग टोकं जळाली. मग पानं टपाटपा. आणि मग सुरू झालं बघा. कुणाची नजर लागली? आधी कोपऱ्यावरच्या काकूंचं नाव, कारण रणातून पळाले म्हणाल्या होत्या. मग माझं मांजर. माझं मांजर, जे दुपारभर माठाखालून हलत नाही! मग कामवाल्या मावशी, ज्या त्यांच्याकडेही जातात नि माझ्याकडेही. त्यांनी मला येऊन शब्दन् शब्द सांगितलं, "ताई, तुमचंबी नाव घेतलं वं त्याहीनं." कमानीला काळी बाहुली टांगली, लिंबू-मिरच्या टांगल्या. आणि वेल सुकते म्हणून पाणी दुप्पट केलं. तेच पाणी! सुकलेली पानं झाडून ढकलायची कुठे, तर तड्यातून माझ्या अंगणात. ज्या तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबांचं बालपण गेलं, तिथली ही बाई. बाबा असते तर त्यांनी खराटा कुणाच्या हातात दिला असता सांगा.

मग आल्या अंजनगावच्या आजी. पोस्टातल्या वहिनींच्या आई हो, आठवल्या का? नऊवारी, हातभर बांगड्या. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यात सगळा जन्म गेला त्यांचा. नागवेल आणि पानपिंपळी, दोन्ही वेलीच, दोन्ही लाडावलेल्या. वहिनी त्यांना सहज घेऊन आल्या वेल दाखवायला. मी भिंतीशी होते. काम होतं मला तिथे, मुंग्यांची पावडर टाकत होते.

आजी वेलीकडे बघेचनात. त्या खाली वाकल्या. आळ्यात पांढरा पापुद्रा धरला होता, पिठीसाखर भुरभुरल्यासारखा. बोटाला लावला नि सरळ जिभेवर! मास्तरीणबाई "अहो अहो" करेपर्यंत आजींनी थुंकून टाकलं आणि म्हणाल्या, "अवं माय! हे तं मीठ हाय. येलाचं लोणचं घातलं का वं पोरी?"

कुणी हसलं नाही. खरंच सांगते, मीसुद्धा नाही. कारण मास्तरीणबाईंचा हात अर्धवट वर, त्या हातात आरओच्या पाण्याची बादली. तशीच राहिली ती बादली.

मग भाऊजींना बोलावलं. त्यांनी आधी कूलरची जाळी दाखवली. उन्हाळा संपता संपता जाळीवर तो कडक पांढरा थर बसतो ना, विळीनं खरवडला तरी निघत नाही, तो? "हे पाणी उडून जातं, मीठ टाकीत राहतं. दिवसभर नवं पाणी सोडा, उडवा, पुन्हा सोडा. संध्याकाळी तळाला जे उरतं ते सगळ्यात खारं." आणि आरओ? मशीन गोडं पाणी तुमच्या घशात घालतं आणि त्यातलं मीठ सगळं त्या वायाच्या नळीतून सोडतं. "म्हणजे वहिनी, पाण्यातलं गोड तुम्ही प्यालात आणि खार वेलीला पाजलात." असं तोंडावर! भाऊजींना घरातही कुणी बोलायला जात नाही ते उगाच नाही.

आणि मुळात बोअरचं पाणी तरी कसलं? आपण खारपाणपट्ट्यातले, हे काय आता सांगायला पाहिजे? पूर्णेच्या दोन्ही अंगांनी, अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय तो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस तारेसारखे होतात. तुम्ही नवीन लग्न होऊन आलात तेव्हा पहिल्या दिवशी वरणच शिजलं नव्हतं, सासूबाईंनी कुकर बदला म्हटलं होतं, आठवतं ना? काळ्या मातीत तो खार बसला की माती सिमेंटसारखी होते, वर पाणी साचतं, खाली मूळ तहानलेलं. म्हणजे दुप्पट पाणी घातलं तरी वेल तहानेनंच मेली. आणि परतवाड्याला बहिणीची वेल दोन मजले का जाते? तिकडे सातपुड्याचा पायथा, गोडं पाणी, संत्र्याच्या बागा. एकाच वेलीच्या दोन फांद्या, एक माहेरी सुखात, एक सासरी... जाऊ द्या.

आजी मात्र बोलत राहिल्या, आणि ते मी मनात टिपून घेतलं. पानमळ्यात वेल उघड्यावर ठेवत नाहीत. आधी शेवरी, पांगारा लावायचा, त्याच्या सावलीत वेल चढवायची. चारी बाजूंनी ताट्या, झळ आत यायला नको. "येलाचं डोस्कं उजेडात पाह्यजे अन् पाय सावलीत," असं म्हणाल्या. बांधायची ती सैल, आवळून बांधलं की वेल रुसते. लोखंडी कमान मे महिन्यात हाताला चटका देते, तर कोवळ्या ताण्याला देणार नाही? तुराट्यांचा मांडव करा म्हणाल्या, फुकटात होतो.

मास्तरीणबाईंनी सगळं ऐकलं, बादली मोरीत ओतली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कमान रिकामी. बाहुली तेवढी राहिली होती लटकत.

आता ऐका. जरा जवळ या.

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि आठवड्यानं मी तड्याजवळ झाडायला गेले, तर माझ्या बाजूला, माझ्या, जमिनीतून तीन बोटांचं पान! म्हटलं गोखरू असेल. दुसऱ्या दिवशी ताणा दिसला, स्प्रिंगसारखा. अहो, कृष्णकमळाचं मूळ मोठं भटकं असतं. वर वेल वाळते, खाली मूळ गुपचूप हातभर, दोन हात लांब जातं आणि तिथून कोंब काढतं. तड्याखालून आलं. आणि आलं नेमकं कुठे, तर आमच्या टिनाच्या पन्हाळीचं पाणी पडतं तिथे. पावसाचं गोडं पाणी! सगळा खार धुवून खाली. त्यावर मी तांदळाचं धुवण टाकते रोज, सवयच आहे माझी, मुद्दाम नाही. देवाशपथ.

सांगायला हवं होतं का मी? तुम्हीच सांगा. जिनं माझ्या मांजराला चेटकीण ठरवलं तिला? मी काय केलं, कोंबावर टोपलं पालथं घातलं. उन्हासाठी हो! दुपारी घालायचं, संध्याकाळी काढायचं. आता मास्तरीणबाई दुपारीच गच्चीवर कपडे वाळत घालायला येतात त्याला मी काय करू. मुळाशी सोयाबीनचं कुटार पसरलं, तुराट्या रोवल्या, जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी सैल बांधली. आमचे हे म्हणाले, "दुसऱ्याची वेल आहे." म्हटलं, तडा कुणाचा ते आधी ठरवा.

आणि गोकुळाष्टमीच्या सकाळी फूल. एक नाही, तीन! भिंतीच्या वर डोकं काढून, बरोबर त्यांच्या मोरीसमोर. मी देवघरात होते. बाहेर काही आवाज नाही म्हणून आले, तर मास्तरीणबाई पलीकडे उभ्या, तोंडात ब्रश. दोन मिनिटं आम्ही दोघी त्या फुलांकडे बघत होतो. मग ब्रश काढला आणि म्हणाल्या, "ही माझी वेल आहे."

मी म्हटलं, "मूळ तुमचं. पाणी माझं."

"मूळ माझं म्हणजे वेल माझी."

"मग लेक परतवाड्याची, तिला हाक मारा."

खिडक्या उघडल्या बाई पटापट! पोस्टातल्या वहिनी तर पोळपाट हातात घेऊनच आल्या. आणि त्यांनीच तोडगा काढला, त्यांना हिशोबाचं बरोबर सुचतं. वेल माझ्याकडे राहील, फुलं निम्मी निम्मी. विषम आली तर वरचं एक देवळात. पाणी फक्त पावसाचं किंवा नळाचं, नळ आला नाही तर माठातलं, बोअरचं नाही. कपाशीचं औषध नाही. अळ्या दिसल्या तर ज्या घरी आधी दिसतील त्यांनी वेचायच्या. पुढच्या पावसात मुळासकट फुटवा काढून मास्तरीणबाईंना द्यायचा, पण त्यांनी आधी ती माती काढून जिप्सम मिसळायचं, शेणखत घालायचं आणि पन्हाळीचं पाणी तिकडे वळवायचं. आणि तडा? तडा बुजवायचा नाही असं ठरलं. मूळ कापलं जाईल म्हणून! आठ वर्षांचा वाद, आमच्या ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मास्तर तर म्हणाले, "मग आता भेटल्यावर बोलायचं काय?"

त्या दिवशी उरलेल्या फुलाचे धागे वहिनींनी पुन्हा मोजले. या वेळी एक्क्याण्णव आले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बघा, सात जण परत आले." आणि हसल्या हो. गेल्या भाद्रपदापासून पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. महालक्ष्म्यांना आम्ही दोघींनी एकाच वेलीची फुलं वाहिली, माझ्या ज्येष्ठेला चार, त्यांच्या कनिष्ठेला चार. बाहुली अजून कमानीवरच आहे. मी विचारलं नाही.

हे सगळं तुमच्यात नि माझ्यात हं. आणि फुटवा तुम्हालाही देईन, पण पुढच्या आषाढात, आत्ता मागू नका. त्याआधी एक काम करा. ती बादली कसली आहे तुमच्या तुळशीपाशी? आरओची ना? मला वाटलंच. रोज घालता? या इकडे, पानं दाखवा बघू तिची. वरची नको, खालची. हं. टोकं जळलीत की नाही?